हाणामारीचा सिनेमा वर्गात दाखवताना: साताऱ्यातल्या शिक्षक-पालकांसाठी

आठवी-नववीच्या मुलांनी शाळेतल्या हिंसेचे सिनेमे पाहावेत का, हे ठरवायची वेळ कधीच निघून गेली. त्यांनी ते पाहिलेले असतात, फक्त पूर्ण पाहिलेले नसतात. 'सैराट'मधला प्रिन्स भर वर्गात सरांच्या कानाखाली वाजवतो, तो तुकडा कितीतरी मुलांना तोंडपाठ असतो. त्या सरांना दुसऱ्या दिवशी वर्गावर जाताना काय वाटलं असेल, असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. रीलमध्ये थप्पड येते, मागे गाणं वाजतं आणि बोट पुढच्या रीलवर जातं.

मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवते. वर्गात शहरातली मुलं असतात, तशी जावळी, कोरेगाव, पाटणकडून एसटीनं येणारी, वसतिगृहात राहणारी. काहींचे वडील मुंबईला माथाडी, आई तिकडेच, आणि घरात आजी-आजोबा. एखाद्याचं टोपणनाव, एखादा फोटो, स्टेटसला ठेवलेली एक ओळ एवढ्यावरून खुन्नस सुरू होते आणि शाळा सुटल्यावर राडा होतो. बोलायला बसलं की मुलं गप्प होतात. सिनेमातल्या मुलाबद्दल मात्र ती बोलतात, आणि भरभरून बोलतात. म्हणून हा उपाय. पण सिनेमा लावला आणि तास संपला, असं केलं तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त.

सगळ्या लेखाचा आधार एकच आहे, तो आधी सांगते. असे सिनेमे आपल्याला दोघांकडे बघायला लावतात: मारणारा आणि मार खाणारा. वर्गात मात्र या दोघांपेक्षा तिसरेच जास्त असतात. ज्यांना ठाऊक होतं, जे हसले, ज्यांनी व्हिडिओ पुढे पाठवला, जे खाली मान घालून वही लिहीत राहिले, ते सगळे. आपल्यासमोर बसलेली बहुतेक मुलं या गटातली आहेत. सिनेमावरची चर्चा त्यांच्यासाठी आखायची.

आधी स्वतः बघा, आणि दोनदा बघा

पहिल्यांदा साधा प्रेक्षक म्हणून बघा. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसा आणि प्रसंगाची मिनिटं टिपत जा. कुठे मार आहे, कुठे शिवी आहे, कुठे जातीवरून बोललंय, कुठे लैंगिक छळाचा उल्लेख आहे, कुठे कुणी स्वतःला इजा करून घेतंय. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची, तिच्याकडे पुढे येते. मग कागदाच्या दुसऱ्या बाजूला दोनच गोष्टी लिहा: या मुलाचं काय चाललंय हे कुठल्या मोठ्या माणसाला कळलं होतं, आणि मारामारीच्या वेळी आजूबाजूला कोण कोण उभं होतं. ही दुसरी बाजू म्हणजे तुमचा पाठ.

बघताना सिनेमाचे साचे ओळखू यायला हवेत, कारण मुलं नकळत त्या साच्यांतून स्वतःकडे बघू लागतात.

सगळ्यात जुना साचा तारणहार शिक्षकाचा. हॉलिवूडमध्ये १९५५ साली 'ब्लॅकबोर्ड जंगल' आला, त्यात हाताबाहेर गेलेल्या वर्गाला एकटा शिक्षक ताळ्यावर आणतो. त्याच वर्षीच्या 'रिबेल विदाउट अ कॉज'नं दुसरी बाजू दाखवली: चांगल्या घरातला मुलगा, घरात बोलायला माणसं आहेत पण ऐकायला कुणी नाही. आपल्याकडचा 'तारे जमीन पर' (२००७) पहिल्या साच्यातलाच, फार मायेनं केलेला. त्यातली निवासी शाळा आपल्याच पाचगणीतली, न्यू एरा हायस्कूलमध्ये चित्रण झालं, त्यामुळे इथल्या मुलांना तो जवळचा वाटतो. इशानला अक्षरं नाचताना दिसतात आणि त्यावर शाळा त्याला आळशी, उद्धट ठरवते, हे त्यात नेमकं आलंय. अडचण एवढीच की त्याला वाचवायला निकुंभ सर बाहेरून येतात. तोवर त्याच शाळेत जे शिक्षक होते, त्यांच्याबद्दल मुलांना विचारायला हवं. दाखवताना 'असे सर सगळ्यांना मिळोत' इथे थांबू नका. आधीच्या शिक्षकांपैकी कुणाला, कधी, काय दिसायला हवं होतं, तिथून बोलणं सुरू करा.

दुसरा साचा सूडाचा. छळ होत राहतो, होत राहतो आणि शेवटी छळ झालेलं मूल सगळं जाळून टाकतं. 'कॅरी' (१९७६) हे त्याचं गाजलेलं उदाहरण. शाळेच्या समारंभात तिच्या अंगावर डुकराचं रक्त ओततात आणि पुढे ती कुणालाच सोडत नाही. छळ सोसणाऱ्या मुलाला हा शेवट फार गोड वाटू शकतो, म्हणून असा सिनेमा वर्गात नको. 'बघ, शेवटी त्यानं दाखवून दिलं' हे वाक्य मी मुलांच्या तोंडून ऐकते, आणि ते वाक्य बोलणाऱ्या मुलाकडे माझं नंतर बरेच दिवस लक्ष असतं.

तिसरा साचा एका कारणाचा. वडील दारू पितात म्हणून, मोबाइल आहे म्हणून, गेम खेळतो म्हणून. दोन तासांत गोष्ट संपवायची असल्यानं सिनेमाला कारण लागतं. त्याला उत्तर म्हणून शिक्षकांनी 'एलिफंट' पाहावा, असं मला वाटतं. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाईन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला; १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. त्या घटनेच्या सावलीत गस व्हॅन सँट यांनी २००३ मध्ये हा सिनेमा केला आणि त्याला कान महोत्सवात पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. कॅमेरा एकेका मुलाच्या पाठीमागून शाळेच्या लांबच लांब बोळांतून चालत राहतो, तोच क्षण दुसऱ्या मुलाच्या बाजूनं पुन्हा येतो, आणि 'का' याचं उत्तर सिनेमा हातात देत नाही. हा फक्त मोठ्यांनी बघायचा सिनेमा आहे. पण तो पाहिल्यावर आपल्या शाळेच्या व्हरांड्यातून चालताना कोण कुणाच्या मागून चाललंय, हे दिसायला लागतं. आपल्याकडे वर्गात बंदुका नाहीत, म्हणून तो आपला विषय नाही असं समजू नका. कोयत्याचा फोटो स्टेटसला ठेवणारी मुलं आपल्याकडे आहेत.

कुठला निवडायचा

पहिल्याच खेपेला सगळ्यात कठीण सिनेमा घेऊ नका. मी ज्या क्रमानं जाते, तो असा.

सुरुवात 'किल्ला'पासून करा. अविनाश अरुण यांचा हा सिनेमा २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात गेला आणि तिथल्या मुलांच्या ज्युरीनं त्याला क्रिस्टल बेअर दिलं. आपल्याकडे तो २०१५ मध्ये लागला. वडील गेल्यावर आईची बदली होते आणि चिन्मय पुण्याहून कोकणातल्या शाळेत येतो. बंड्या आणि त्याची टोळी त्याला सामावून घेते असं वाटत असतानाच ती मुलं त्याला पावसात किल्ल्यावर एकट्याला सोडून निघून जातात. रक्त नाही, शिवी नाही, हात उगारलेला नाही. म्हणूनच हा प्रसंग पहिल्यांदा घ्यायचा. आमच्याकडे या प्रसंगानंतर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, त्यांनी मारलं कुठं? नुसतं सोडून तर गेले." वसतिगृहातली एक मुलगी, जी एरवी हजेरीपुरतंच तोंड उघडते, ती म्हणाली, "मारलं असतं तर आईला वळ तरी दाखवता आला असता." मी त्यावर काही बोलले नाही. तुम्हीही अशा वेळी बोलू नका. त्या वाक्याचं काय करायचं ते वर्ग करतो.

मग 'दहावी फ' (२००२). सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा सिनेमा आज अनेकांच्या विस्मरणात गेलाय, आणि शाळेतल्या हिंसेवर मराठीत याहून उपयोगी सिनेमा मला माहीत नाही. 'फ' तुकडी म्हणजे शाळेनं सोडून दिलेली मुलं. अपमान साचत जातो आणि ती शाळेतच तोडफोड करतात. अतुल कुलकर्णींनी केलेले सर त्यांना पाठीशीही घालत नाहीत आणि टाकूनही देत नाहीत. मुलं स्वतः कष्ट करून नुकसान भरून द्यायला लागतात. तुकड्या पाडणाऱ्या प्रत्येक शाळेनं हा सिनेमा मुलांना दाखवण्याआधी शिक्षकांच्या खोलीत लावावा. मार देणं आणि काढून टाकणं या दोन शिक्षांपलीकडे तिसरं काहीतरी करता येतं, हे त्यात घडताना दिसतं. मुलांना तोडफोडीचा भाग आवडतो. भरपाईच्या भागाला थोडी चुळबुळ होते, तिथे थांबून विचारा की यात जास्त अवघड काय होतं.

'फँड्री'साठी जास्त वेळ ठेवा, घाईत घेऊच नका. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २०१४ मध्ये आला. जब्या शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर त्याचा जीव आहे, आणि गावाला त्याच्या घरच्यांकडून, त्यांच्या जातीचं काम म्हणून, डुकरं पकडून हवी आहेत. शेवटचा डुक्कर पकडण्याचा प्रसंग घ्या. बाप धावतोय, बहिणी धावतायत, आणि शाळेतली मुलं कडेला बसून, उभी राहून बघतायत. शालूही तिथेच आहे. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि डुकरामागे धावणारं ते कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभं राहतं. अखेरीस जब्या दगड उचलतो आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. आपल्याकडे का, हा एकच प्रश्न पूर्ण तासिका खातो. बघत बसलेल्यांमध्ये आपणही होतो, इथपर्यंत नववीची मुलं आपली आपण येतात; मी त्यांना तिथे नेत नाही.

साताऱ्यात 'फँड्री' दाखवायला एक तारीख आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव आणि १९१४ हा क्रमांक आहे. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी भाषणं होतात, प्रतिमेला हार घालतात. बाबासाहेबांनी साताऱ्यातल्या लहानपणाबद्दल स्वतः लिहून ठेवलंय: वर्गात कोपऱ्यात वेगळं बसावं लागे, बसायचं गोणपाट घरून आणावं आणि संध्याकाळी घरी न्यावं लागे, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावत नसे, तहान लागली तर शिपायानं नळ सोडला तरच पाणी. हे दोन परिच्छेद वाचा आणि मग जब्याचा प्रसंग लावा. त्या वर्गातही बाकीची मुलं होती, एवढं म्हणून थांबा.

घरातल्या माराबद्दल बोलायचं असेल तर विक्रमादित्य मोटवाने यांचा 'उडान' (२०१०), पण दहावीच्या खाली नको. वडील मुलांना 'सर' म्हणायला लावतात, धाकट्याला इतकं मारतात की त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. शाळेत दांडगाई करणारं मूल घरी काय बघून येतं, हे शिक्षकांना समजायला याहून सरळ सिनेमा नाही. मुलांना दाखवताना फक्त काही प्रसंग घ्या. ज्यांच्या घरी हे रोज चालतं, त्यांना दोन तास सलग बसवणं बरं नाही.

जपानी 'अ सायलेंट व्हॉइस' (२०१६) हा ॲनिमेशनपट मुलांना लगेच धरतो. ऐकू न येणाऱ्या शोको या मुलीला वर्ग छळतो, तिची श्रवणयंत्रं काढून फेकतात. चौकशी होते तेव्हा सगळा वर्ग शोया या एकट्याकडे बोट दाखवतो आणि मग त्याच्यावरच बहिष्कार टाकतो. "सगळेच होते की, मग ह्या एकट्याचंच नाव कसं?" हा प्रश्न मागच्या बाकावरून येतोच. इथपर्यंतचाच भाग दाखवा. सिनेमाच्या सुरुवातीला आणि पुढेही जीव देण्याचे प्रसंग आहेत, ते वर्गात नकोत.

आत्महत्येच्या चित्रणाबद्दल कडक राहा. '१३ रीझन्स व्हाय' ही मालिका २०१७ मध्ये आली, त्यात एका विद्यार्थिनीची आत्महत्या तपशीलात दाखवली होती. जगभरातून टीका झाल्यावर नेटफ्लिक्सनं २०१९ मध्ये तो प्रसंग काढून टाकला. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच वर्षी पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या: पद्धत दाखवू नका, आत्महत्येला सुटकेचा मार्ग म्हणून रंगवू नका, मदत मागून सावरलेली माणसं दाखवा. सिनेमा निवडताना हीच फूटपट्टी लावा. विषय कितीही चांगला असो, पद्धत दिसत असेल तर तो सिनेमा बाजूला.

'ॲडोलेसन्स' ही २०२५ ची ब्रिटिश मालिका पालकांसाठी ठेवा. १३ वर्षांच्या मुलावर शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप आहे. चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग टेकमध्ये. ब्रिटनमध्ये ती माध्यमिक शाळांना मोफत उपलब्ध करून दिली गेली. आपल्या मुलांना ती जशीच्या तशी पेलणार नाही. पण खोलीत दार लावून बसलेला मुलगा घरातच आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असं समजणाऱ्या आई-वडिलांनी शेवटचा भाग जरूर बघावा.

प्रमाणपत्र, परवानगी, तंत्र

२०२४ च्या नियमांपासून 'यूए' (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा) या प्रमाणपत्राचे तीन भाग झालेत: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील. ओटीटीवर अशीच वर्गवारी २०२१ पासून आहे. जुन्या सिनेमांवर नुसतं 'यूए' असेल, तिथे तुमच्या मिनिटांच्या नोंदीच कामाला येतात. 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठी, असेल तर विषय संपला. शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांपुरता सिनेमा दाखवायला प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. ओटीटीच्या स्वतःच्या अटी मात्र वाचून घ्या.

मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पालकांना चिठ्ठी पाठवा. चिठ्ठीत सिनेमाचं नाव, कुठला प्रसंग आणि कशासाठी, हे साध्या मराठीत असावं, कारण अनेक घरी ती आजोबा वाचणार आहेत. 'ज्यांना पाठवायचं नाही त्यांनी पाठवू नये' ही ओळ हवीच, आणि न येणाऱ्या मुलाला ग्रंथालयात बसायची सोय हवी. त्याला वर्गाबाहेर उभं करू नका.

पूर्ण सिनेमा नको. आठ ते बारा मिनिटांचा तुकडा पुरतो, बाकी गोष्ट तोंडी सांगा. सलग दोन तासिका मागून घ्या. खोली पूर्ण काळोखी करू नका. तुम्हाला चेहरे दिसायला हवेत आणि कुणाला उठून जायचं असेल तर दार दिसायला हवं. शाळेच्या प्रोजेक्टरचा आवाज आदल्या दिवशी तपासा. शेवटची तासिका घेऊ नका, कारण त्यानंतर मुलं थेट एसटी स्टँडवर जातात आणि जे मनात उठलंय ते तिथे सांडतं.

बोलणं कसं चालवायचं

खरं काम इथे आहे. प्रसंग मारामारीच्या आधी थांबवा. हात उगारला गेलाय, अजून पडलेला नाही, तिथे पॉज दाबा आणि विचारा, "आत्ता या चौकटीत कोण कोण दिसतंय?" मुलं आधी दोन नावं सांगतात. "अजून?" असं विचारत राहा. मागे सायकलवरचा, खिडकीतला, दुकानदार. सगळे मोजून झाले की विचारा की यातल्या कुणाला काय करता आलं असतं. मग पुढचं दाखवा.

एक नियम मोडू नका: 'तुझ्या बाबतीत असं झालंय का?' हा प्रश्न भर वर्गात कुणालाही विचारायचा नाही. फक्त पात्रांबद्दल बोलायचं. कुणी वर्गातल्या मुलाचं नाव घेतलं तर शांतपणे "आपण जब्याबद्दल बोलतोय" म्हणून परत आणायचं. सगळ्यांचे डोळे एका बाकाकडे वळले, तर लगेच विषय पुढच्या प्रसंगावर न्या आणि ते बाक लक्षात ठेवा.

मला उपयोगी पडलेले प्रश्न देते. सगळे एका दिवशी विचारू नका, दोन पुष्कळ झाले.

- हे पहिल्यांदा कधी सुरू झालं? मारलं त्या दिवशी, की त्याआधी?
- हसणाऱ्यांपैकी कुणाला हसू येत नव्हतं, असं तुला वाटतं? कशावरून?
- हे कुठल्या मोठ्या माणसाला ठाऊक होतं? त्यानं काय केलं?
- मारणाऱ्याला त्यातून काय मिळालं? किती वेळ टिकलं?
- दुसऱ्या दिवशी सकाळी हा मुलगा शाळेत आला, तर त्याच्या शेजारी कोण बसेल?

पहिल्या प्रश्नाला मुलं मागे मागे जातात: टोपणनाव, डबा लपवणं, ग्रुपमधून काढून टाकणं. फळ्यावर ते उलट्या क्रमानं लिहीत जा. राडा सगळ्यात वर राहतो आणि खाली त्याच्या आधीच्या पायऱ्यांची रांग तयार होते. मुलांना जे थांबवता येण्यासारखं असतं ते बहुतेक खालच्या ओळींत असतं, आणि ते त्यांना फळ्यावर दिसतं.

"मध्ये पडलो तर मला पण मारत्यात," असं कुणीतरी म्हणणारच. बरोबर बोलतोय तो. मध्ये पडायचा उपदेश करू नका, एखाद्या मुलाच्या जिवावर बेतेल. बघणाऱ्याला करता येण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे, ते मुलांकडूनच काढून घ्या: हसायचं नाही, व्हिडिओ करायचा नाही आणि आला तर पुढे पाठवायचा नाही, दोघा-तिघांनी मिळून सर-मॅडमना आणायचं, ज्याला मारायला निघालेत त्याला काहीतरी काम सांगून तिथून बाजूला न्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी डबा खायला बसायचं. शेवटचं सगळ्यात कमी धोक्याचं आहे, आणि एकटं पडलेल्या मुलाला तेच सगळ्यात जास्त लागतं.

मुली आणि मुलं वेगळी बसवून एकदा तरी हाच प्रसंग घ्या. 'फँड्री'त शालूनं काय करायला हवं होतं, यावर मुली एकत्र असताना जे बोलतात ते मुलांसमोर बोलत नाहीत. गावात कुणाशी बोललं तर काय होतं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

सिनेमात शिक्षक मारताना दिसला तर ते टाळून पुढे जाऊ नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायला मनाई आहे, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलाला सांभाळायची जबाबदारी असलेल्यानंच त्याला मारहाण किंवा क्रूरता केली तर शिक्षा सांगितली आहे. हे मुलांसमोर मोठ्यानं वाचा. ज्या शाळेत छडी चालते तिथे मुलांना 'मारू नका' सांगणं कुणाच्या कानात शिरत नाही.

चिठ्ठी आली तर

चर्चेनंतर प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि 'या प्रसंगाबद्दल काहीही' लिहायला सांगा, नाव न घालता. सगळ्यांनी काहीतरी लिहायचं, म्हणजे कोण जास्त लिहितंय ते कळत नाही. कागद घडी घालून डब्यात. बहुतेक कागदांवर 'छान होता' असतं. एखाद्यावर तसं नसतं.

अशी चिठ्ठी मिळाली, किंवा मूल मागाहून येऊन बोललं, तर त्याच दिवशी वेळ काढा. दार उघडं राहील अशा खोलीत बसा. ऐका, मध्ये थांबवू नका, 'तू काय केलं होतंस' विचारू नका. 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका. 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन' एवढं म्हणा. त्याचेच शब्द, तारीख घालून लिहून ठेवा.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर शाळेनं आतल्या आत मिटवायची सोय नाही. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाचं नाव, फोटो, शाळेची ओळख बाहेर जाता कामा नये, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिला या कामात घ्या. कागदावरच असेल तर हीच तिची बैठक बोलवायची वेळ. जीव द्यावासा वाटतो असं मूल म्हणालं तर त्याला एकट्याला घरी पाठवू नका, घरचं माणूस येईपर्यंत सोबत राहा. बालकांसाठी १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि तातडीला ११२ हे तीन नंबर सिनेमा सुरू होण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि तास संपला तरी पुसू नका.

मुलांच्या हातात मोबाइल द्या

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना चित्रीकरण नवं नाही. वाई-मेणवलीला 'स्वदेस'पासून कितीतरी सिनेमे झाले, कुणाचा तरी मामा गर्दीत उभा राहिलेला असतो. तेव्हा पुढच्या आठवड्यात पाच-सहा जणांचे गट करा आणि दोन मिनिटांचा प्रसंग चित्रित करायला सांगा. अट एकच: मारामारी चौकटीत दिसायची नाही, फक्त ती बघणाऱ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत. आवाज ऐकू आला तर चालेल.

पहिल्यांदा मुलं कुरकुरतात, कारण त्यांना पडणं, उडणं, स्लो मोशन हवं असतं. मग कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर किती वेळ ठेवायचा यावर त्यांच्यात वाद सुरू होतो. कोण आधी हसतं, कोण त्याच्याकडे बघून हसतं, कोण निघून जातं, हे त्यांनाच ठरवावं लागतं. खऱ्या मुलाची खरी घटना घ्यायची नाही, खरं टोपणनाव वापरायचं नाही, आणि व्हिडिओ शाळेच्या मोबाइलवरच राहील, एवढं आधी पक्कं करा.

घरी

पालकसभेत भाषण देऊ नका. 'दहावी फ'मधला एक प्रसंग दाखवा आणि 'तुमचं मूल यातलं कोण असेल?' असं विचारून थोडं थांबा. आई-वडील मुंबईला असतील तर आजी येईल, आणि आजीला सगळं नीट कळतं. तिला मोबाइलमधलं समजावत बसू नका. संध्याकाळी नातू घरी आला की जेवतो का, शर्टाची बटणं जागेवर आहेत का, अमुक रस्त्यानं जायला टाळतो का, पैसे जास्त मागतो का, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं का, हे तिला विचारा.

घरी सिनेमा बघताना मध्ये शिकवण देऊ नका. मूल शेजारी बसून बघतंय हेच पुष्कळ. संपल्यावर एवढंच विचारा, "त्या मागच्या मुलाचं नाव काय होतं रे?" बऱ्याचदा सिनेमात त्याला नावच नसतं, आणि मूल ते शोधायला लागतं.

पुढच्या सत्राचा सिनेमा मुलांना निवडू द्या. तीन नावं तुम्ही द्या, तिन्ही आधी दोनदा पाहिलेली, आणि मतदान चिठ्ठीनं घ्या. हात वर करायला लावले की सगळे एकाकडेच बघून हात वर करतात.